मी कापलेली आई

आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चळवळीतल्या मित्रांना नाही. एका मुलीच्या कवितेची सुरुवात ‘माझी आई’ अशी होती. ते दोन शब्द मी कापले. माझ्या गळ्यावर कुणी सुरी ठेवली नव्हती. समोर चहा होता.

लोकांना माझा अपमान तेवढा माहीत आहे. तो सगळ्या गावानं बघितला, कुणीतरी मोबाइलवर घेतलाही. आमच्या वस्तीतली पोरं तो बघून पेटली होती. ‘सर, तहसीलला निवेदन देऊ’ म्हणाली. मी नको म्हणालो. सर घाबरले, असं त्यांना वाटलं. घाबरलो होतोच. निवेदन दिलं असतं तर चौकशी झाली असती, आणि चौकशीत दुसरंही बाहेर आलं असतं.

अपमान असा झाला. भोकरदन तालुक्यातल्या एका गावात सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथला ग्रंथपाल. वाचनालयाचा वर्धापनदिन होता. या कार्यक्रमात माझं काम वर्षानुवर्षं ठरलेलं. सतरंज्या अंथरायच्या, हार आणायचे, पाहुण्यांपुढं पाण्याच्या बाटल्या मांडायच्या आणि दाराशी उभं राहायचं. त्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर माझी खुर्ची होती. प्रास्ताविक मी केलं. बायकोनं शर्टाला कडक इस्त्री करून दिली होती. बोलून झाल्यावर त्या खुर्चीत बसलो. पाठ टेकवली नाही, पण बसलो.

तेवढ्यात जालन्याहून एक पाहुणे उशिरा आले. खुर्ची कमी पडली. मागच्या खोलीत खुर्च्यांची थप्पी होती, मीच रचून ठेवलेली. आणायला उठणार, तर वाचनालयाच्या अध्यक्षांनी माईकवरूनच आवाज दिला.

“ग्रंथपाल, उठा जरा. खाली सतरंजीवर बसा. तुम्हाला काय, सवयच हाये.”

हॉल हसला.

मीही हसलो. खरं तेच आहे. मी हसलो, हात जोडले, स्टेजच्या पायऱ्या उतरलो.

खाली पहिल्या रांगेत माझ्या शनिवारच्या कवितेच्या वर्गाची मुलं बसली होती. नववी ते बारावीची. त्यातली एक मुलगी बाजूला सरकली. ओढणी आवरून तिनं जागा केली.

“बसा सर,” म्हणाली. ती हसली नव्हती.

मग स्टेजवर अध्यक्षांचा नातू उभा राहिला. त्याच वर्गातला. खणखणीत आवाजात त्यानं सुरू केलं, “एक बाई फुलांची लग्नं लावते...” टाळ्या पडल्या. ती कविता ज्या मुलीची, तिच्या शेजारी मांडी घालून बसून मी ती ऐकली. ती समोर बघत होती. मी सतरंजीच्या पट्ट्यांकडं.

आता मागचं सांगतो.

शनिवारचा वर्ग मी सुरू केला होता. कुणी सांगितलं नव्हतं, वर दमडी मिळत नव्हती. आमच्या वाचनालयात म्हातारे पेपर वाचायला येतात आणि स्पर्धा परीक्षेची पोरं पंख्याखाली बसायला. कवितेच्या कपाटाला हात लागत नव्हता. मी शाळेत जाऊन सांगितलं, शनिवारी दुपारी या, चार ओळी लिहा, चहा-बिस्कीट मी देतो. पहिल्यांदा पोरं बिस्किटासाठी आली. मंग कवितेसाठी यायला लागली. धावड्याहून दोन पोरं एका सायकलवर यायची. एक मागं बसून यमकं जुळवायचा आणि पुढचा वैतागून म्हणायचा, “अबे, चढ आली, उतर खाली, मंग जुळव.”

वर्गाचा एक नियम होता. तो माझा. कवितेवर नाव टाकायचं नाही. वाचनालयात पत्र्याची सूचना पेटी होती. तिच्यात कधी सूचना पडली नाही, एकदा तंबाखूची पुडी तेवढी सापडली होती. त्या पेटीत सगळ्यांनी घडी घालून कविता टाकायची. मंग एकेकानं एक घडी उचलायची आणि दुसऱ्याची कविता वाचायची. कुणाची, ते विचारायचं नाही. मी मुलांना म्हणायचो, आडनाव बाहेर चपलेसोबत काढून ठेवा.

हे वाक्य मला फार आवडायचं. दोन-चार भाषणांत मी ते वापरलंही.

नियमाचं मूळ माझ्या शाळेत आहे. सातवीत मी आमच्या वस्तीच्या विहिरीवर ओळी लिहिल्या होत्या. मास्तरांनी वाचल्या, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “कुणाची उचलली रे?” मी म्हणालो, माझी हाये. “तुमच्यात हे कुठून येतंय?” वर्ग हसला. तास संपेस्तोवर मी दाराबाहेर उभा. मला वाटायचं, वर नाव नसतं तर मास्तरांनी ती फळ्यावर लिहिली असती. म्हणून पोरांचं नाव झाकायचं मी ठरवलं. नाव झाकलं म्हणजे अपमान झाकला जाईल, असा माझा हिशोब. नाव झाकलं की चोरीही झाकली जाते, हे मला सुचलं नाही. ज्याच्याजवळ नावाशिवाय दुसरं काहीच नाही, त्याला मी नाव बाहेर ठेवून ये म्हणत होतो. आणि ज्याचं आडनाव वाचनालयाच्या भिंतीवरच्या संगमरवरात कोरलंय, तो ते कुठं काढून ठेवणार?

एका शनिवारी अध्यक्षांच्या नातवानं पेटीतून घडी उचलली. पोरगं चांगलं होतं. आवाज चांगला, वाचायचाही जीव लावून. त्यानं वाचली ती कविता मला आजही पाठ आहे.

माझी आई फुलांची लग्नं लावते
जाळीच्या मांडवात.
चिमट्यानं कळी उघडते,
नवरदेवाची भुकटी लावते,
खूण म्हणून दोरा बांधते.
एवढी लग्नं लावली तिनं,
पंगतीला बस म्हणलं न्हाई कुणी.
सांजच्याला घरी येते
तवा तिच्या गळ्यातली पोत
मला त्या दोऱ्यासारखी दिसते.
खूण म्हणून बांधलेली,
दुसऱ्याच्या शेतात.

आमच्याकडं बियाण्याचे प्लॉट आहेत. शेडनेटच्या जाळीखाली मिरची, टमाटे. तिथं बाया दिवसभर वाकून हातानं एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावतात. त्याला सगळे क्रॉसिंगच म्हणतात. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. त्यावर कुणी कविता लिहिलेली मी ऐकली नव्हती.

वाचून झालं. कुणी टाळी वाजवली नाही, बिस्किटाचा कागद वाजला नाही. मी कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलीकडं बघितलं. तिचे कान लाल झाले होते. तिची आई क्रॉसिंगला जायची. अध्यक्षांच्याच शेडनेटमध्ये. कुणाची कविता, हे मला त्या क्षणी कळलं. तिलाही कळलं, की मला कळलं. ती एवढंसं हसली. त्या हसण्यानंतर मी जे केलं, ते आता सांगतो.

कुणीतरी वाचन मोबाइलवर घेतलं होतं. ते गावभर फिरलं. ‘नातू कवी निघाला’ म्हणून अध्यक्षांना फोन यायला लागले. दोन दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं.

ओसरीवर चार-पाच माणसं बसलेली. सगळ्यांच्या हातात चिनी मातीचे कप. मला कागदी. आता सगळीकडं कागदी कप झालेत, त्यामुळं बोलायची सोय राहिलेली नाही. मी तो घेतला. दरवेळी घेतो.

“ग्रंथपाल, पोरानं तर नाव काढलं,” अध्यक्ष म्हणाले. वाचनालयात ते मला अहो-जाहो करतात, घरी अरे-तुरे. माणसं असली की मधलं काहीतरी. “वर्धापनदिनाला स्टेजवर म्हणायला लावू.”

नातू दाराशी उभा होता. तो म्हणाला, “आजोबा, माझी न्हाई ती. मी फक्त वाचली.”

हे त्या पोरानं म्हटलं. मी नाही. त्याच्या पदरात हे टाकलंच पाहिजे.

“मंग कुणाची हाये?” अध्यक्षांनी त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

मला नाव माहीत होतं. तोंडात आलं होतं. मी म्हणालो, “आपल्या वर्गात नावं नसतात, दादा.”

“झालं की मंग! ज्यानं म्हणली त्याची.”

पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. मंग आत निघून गेलं. त्याचं खरं तिथंच संपलं. मी त्याला हात दिला असता तर कदाचित टिकलं असतं.

मंग अध्यक्ष म्हणाले, “एवढं एक ते ‘माझी आई’ काढा. आमची सूनबाई काय क्रॉसिंगला जाती का?” ओसरी खदखदली. एक जण म्हणाला, “सूनबाईला जाळीत नेलं तर ती आपल्यालाच दोरा बांधील.” अजून हसणं. “आणि ते शेवटचं पोत-बित काढा. कुणाच्या शेतात, काय, लोक भलतंच समजतील. तुम्ही जाणते हायेत. बसवा बराबर. आणि हां, यंदा प्रास्ताविक तुम्हीच करा. वर बसा आमच्यासंगं.”

मी चहाचा घोट घेतला. म्हणालो, “‘एक बाई’ करू. ‘एक बाई फुलांची लग्नं लावते.’ वजन जात नाही.”

वजन जात नाही. असं म्हणालो मी. खिशातून पेन काढून तिथंच बसवलं. शेवटच्या पाच ओळी उडवल्या. मुलीच्या आईची रोजी जाईल म्हणून गप्प बसलो, असं मी पुढं किती दिवस स्वतःला सांगत होतो. खोटं आहे. मला ती खुर्ची हवी होती.

आणि हे मी पहिल्यांदाच करत नव्हतो.

मी नोकरीला नवीन लागलो होतो तेव्हाची गोष्ट. माझी आई गावाकडून पायी निघून, मंग जीप करून, वाचनालयात आली होती. डोक्यावर ज्वारीच्या हुरड्याचं बोचकं. पायात चप्पल नाही. दारात उभी राहून मला हाक मारणार, तेवढ्यात अध्यक्ष आत आले. तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे ह्यांचे वडील. त्यांनी विचारलं, “कोण हाये?” मी म्हणालो, “गावाकडची एक बाई हाये. हुरडा विकायला आली.”

आईनं ऐकलं. बोचकं उतरवलं, सोडलं, आणि पदरानं हात पुसून अध्यक्षांना म्हणाली, “घ्या मालक, कवळा हाये.” माझं खोटं तिनं खरं करून दिलं. त्यांनी थोडा घेतला. ती उरलेला घेऊन आल्या वाटेनं गेली. पुढं कधी तिनं हा विषय काढला नाही, मीही काढला नाही. आता ती नाही.

‘एक बाई’ हे शब्द माझ्याजवळ तयारच होते. म्हणून ते इतक्या जल्दी सुचले.

वर्धापनदिनानंतर ती मुलगी शनिवारी आली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. हळूहळू बाकीची मुलं पण गळाली. मुलांना सांगावं लागत नाही, कळतं. मी तिच्या घरी गेलो नाही. वाटेत वस्ती लागायची तर मी बाजाराकडून वळसा घालायचो.

एक दिवस तिची आई स्टँडवर भेटली. पिंपळगाव रेणुकाईच्या जीपची वाट बघत होती. मला बघून तीच उठून उभी राहिली.

“सर, तुमच्यामुळं लई मोठी गोष्ट झाली म्हणत्यात,” ती म्हणाली. “मालकीणबाईनं मला जाळीत बोलावून मोबाइलवर स्टेजवरचं दावलं. म्हणल्या, बघ, तुझ्यासारख्या बायांवर आमच्या पोरानं काय लिव्हलंय. मी म्हणलं, लई बेस लिव्हलं. खरंच सर, सगळं बराबर लिव्हलंय त्यानं. चिमटा, दोरा, सगळं. त्याला कसं कळलं असंल?”

मी जीप येते त्या रस्त्याकडं बघितलं.

“घरी येऊन पोरीला सांगितलं, तर ती जेवलीच न्हाई. काय झालं विचारलं तर बोलतच न्हाई. तुम्ही समजवा बरं तिला. तुमचं ऐकती ती.”

जीप आली. ती चढली. आत जागा नव्हती, तरी मला हात हलवला. स्वतःवर लिहिलेली कविता त्या बाईला मालकिणीच्या मोबाइलवर बघावी लागली. तिनं ती दुसऱ्याची म्हणून वाखाणली. आणि पोरीनं ताटावर बसून ते ऐकलं. सतरंजीवर मला बसवलं ते काहीच नव्हतं. मला बसवणारा एक होता. या दोघींना बसवणारा मी होतो.

पुढं कार्यकारिणीची बैठक झाली. नातवाच्या कवितांचं पुस्तक काढायचं ठरत होतं. “ग्रंथपाल बाकीच्या लिहून-बिहून बसवतील,” अध्यक्ष म्हणाले.

मी म्हणालो, “न्हाई.”

“न्हाई म्हणजे?”

“मी करणार न्हाई. ती कविताच त्याची न्हाई. सुरुवात ‘माझी आई’ अशी होती. मी कापली. तुमच्या ओसरीवर.”

एक सदस्य चावीनं कान कोरत होते, ते थांबले. अध्यक्ष चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मागं रेलले आणि म्हणाले, “कवितेचा काय सातबारा असतो का? दाखवा, कुणाच्या नावावर हाये?”

सगळे हसले. या वेळी मी हसलो नाही. एवढाच काय तो माझा विद्रोह. बंद खोलीत, पाच माणसांसमोर, उशिरा.

मुलीचं नाव मी तिथं घेतलं नव्हतं. पण गाव लहान. त्यांना शोधायला वेळ लागला नाही. आठवड्याच्या आत तिच्या आईला निरोप गेला, उद्यापासून येऊ नको. शनिवारी हॉल बंद ठेवायचा हुकूम निघाला, लाइट बिल जास्त येतं म्हणून. नातू शिकायला शहरात गेला. तो माझा फोन उचलत नाही. बरोबरच आहे.

तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. पत्र्याचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्या फोटोकडं मला बघवलं नाही. मुलगी भांडी घासत होती. कॉलेज चालू आहे म्हणाली, पण सुट्टीत आईसोबत लांबच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जाते. बारीक बोटांना मागणी असते.

मी तिच्या आईला सांगितलं. सगळं. कविता तुमच्यावर होती. तुमच्या पोरीनं लिहिली. चोरी मी होऊ दिली.

ती पोरीकडं बघत राहिली. “माझ्यावर लिव्हलं व्हतं तू?”

पोरीनं मान हलवली, वर बघितलं नाही.

मंग ती माझ्याकडं वळली. रागावली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं. “मंग सर, मी त्यात एक बाई कशी झाले?”

मी म्हणालो, मी कापलं. ते तिला आधीच सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं.

मी बैठकीचं सांगायला लागलो. तिथं मी कसं न्हाई म्हणालो ते. मुलीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“बैठकीत सांगून काय उपयोग सर? टाळ्या हॉलमधी वाजल्या व्हत्या. तुम्ही खोलीत खरं बोलले आन् रोजी आमची गेली.”

“तू पुन्हा लिही,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

“नाव बाहेर ठेवून?” तिनं विचारलं.

मी उठलो. दारापर्यंत ती आली. म्हणाली, “माझं नाव कुठं घेऊ नका. मला ते नको आता. तुम्ही कवितेतली आई तेवढी जागेवर ठेवा.”

ती लिहीत नाही. मी विचारलं होतं, पुन्हा एकदा, शेवटचं. सूचना पेटी मी परत भिंतीला लावली. तिच्यात काही पडत नाही. शनिवारी दुपारी कधी कधी धावड्याची ती दोन पोरं कुलपाकडं बघून सायकल वळवतात. हे सगळं परत उभं राहील, असं मला वाटत नाही. वाटतं म्हणून लिहिलं तर तेही एक खोटंच होईल.

यंदाचा वर्धापनदिन जवळ आलाय. हार आणायची, सतरंज्या अंथरायची यादी माझ्याकडंच आलीय. मी अंथरीन. मंग त्याच सतरंजीवरून उठीन आणि ती कविता म्हणीन, शेवटच्या पाच ओळींसकट. माईक काढून घेतील. हॉल लहान आहे, माईक लागत नाही. नोकरी जाईल. त्या दोघींना अजून काही भोगावं लागू नये म्हणून मी आधी त्यांना विचारलं. मुलीची आई म्हणाली, “आता काय घेणार हायेत ते आमचं?”

त्या हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, ‘माझी आई’ असं मोठ्यानं म्हणणं माझ्याकडून बाकी आहे. एकदा त्या मुलीच्या आईसाठी. एकदा हुरड्याचं बोचकं घेऊन आलेल्या माझ्या आईसाठी.